धोंडूचा जाड सांधा

मुलुंडला श्यामकांतांच्या कारखान्यात धोंडूच्या हाताखालून गेलेला पोलादी दोर कोणी पुन्हा तपासत नसे. माणूस मालवणकडचा, अर्धं आयुष्य बोटीवर खलाशी म्हणून काढलेलं. तुटलेल्या दोराची दोन टोकं तो तार तार एकमेकांत विणून जोडायचा, आणि सांधा मूळ दोराहून चांगला जाड व्हायचा. त्या जाडीचाच त्याला कोण गर्व! बंदरात अख्खी बोट धरून ठेवणारे दोर त्याने असेच जोडले होते. त्याला शिकवायला कोण जाणार?

छप्पन साली विदर्भातल्या मँगनीजच्या एका खाणीतून दोर दुरुस्तीला आला. जमिनीखाली फोडलेलं खनिज डब्यांत भरायचं आणि चढत्या रुळांवरून या दोराने ते डबे वर ओढायचे, असं तिथलं काम. धोंडूने त्यात जीव ओतला, कारण त्याचा जावई चंद्रप्रकाश त्याच खाणीत डबे भरायला होता. लेक रुक्मिणी बाळंतपणाला माहेरी आलेली.

"काळजी करू नको गो," तो तिला म्हणाला. "माझो सांधो तुटाचो नाय."

दोर रवाना झाला, आणि पाठोपाठ त्याच खाणीची नवी कप्पी कारखान्यात घडून तयार झाली. धोंडूने सहज तिच्या खाचेत बोटं घातली, आणि पुन्हा घालून पाहिली. खाच दोरापुरतीच होती. बंदरातला दोर खुंटाला बांधला की एका जागी ताणून राहतो. हा तर दिवसभर कप्पीवरून धावणार. जाड सांधा त्या खाचेत मावणारच नव्हता. अडकणार, घासणार, तुटणार. मग भरलेले डबे उतारावरून खाली सुटणार, जिथे माणसं उभी असतात.

तो तसाच श्यामकांतांकडे धावला. "शेट, माझी चूक झाली. दोर थांबवा."

श्यामकांत वाद घालत बसले नाहीत. त्यांनी लगेच खाणीवर तार केली, त्यातच चंद्रप्रकाशची खुशालीही विचारली.

उत्तर लवकर येईना. रुक्मिणीला सगळं सांगायचं धैर्य त्याला झालं, पण पुढे तिचा चेहरा बघायचं झालं नाही. तो कारखान्याच्या दारातच बसून राहायचा. अखेर तार आली. श्यामकांतांनी वाचायला सुरुवात केली, "दोर तुटला. चंद्रप्रकाश सुखरूप..."

"देव पावलो!" धोंडू ओरडलाच. त्याला रडू फुटलं. एक कामगार बातमी सांगायला त्याच्या घराकडे पळाला.

श्यामकांत मात्र तार पुढे वाचत होते. "धोंडू," ते म्हणाले, "सहदेव नावाचा माणूस गेला. खाली डबे भरत होता."

धोंडू घरी पोचला तेव्हा रुक्मिणीने देवापुढे दिवा लावला होता. नवरा वाचला, एवढंच तिला कळलेलं. तिने बापाच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. "बाबा, तोंड गोड कर ना."

धोंडू उंबऱ्यातच बसला. "सहदेवाची पण बायको आसतली गो," एवढंच तो बोलला. परक्या बाईचा नवरा आपल्या सांध्यापायी गेला आणि त्याच बातमीवर आपण आनंदाने ओरडलो, या विचाराने त्याला लेकीकडे बघवेना.