शेवटचा फर्मा

चोरी मी केली होती. शिक्षा कमळीला झाली.

कमळी परवा गेली. हेब्बाळला, लेकीच्या घरी.

माणूस गेल्यावर खरं बोलणाऱ्यांचा मला राग येतो. आधी काय तोंडाला कुलूप होतं? माझ्या होतं. म्हणून हे.

एकोणीसशे साठच्या आगेमागे, कानडी मुलखातल्या याच शहरात, चामराजपेटमध्ये आमच्या घरासमोर रामण्णा बाइंडरचं दुकान होतं. दर एप्रिलमध्ये एका मराठी वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे शिवायला यायची.

रामण्णा आधी पुस्तक उसवायचे. सोळा-सोळा पानांचे गठ्ठे सुटे व्हायचे. अशा एका गठ्ठ्याला फर्मा म्हणतात.

ते पुन्हा शिवले जाईपर्यंत आम्ही मुलं वाचायचो.

ओळीत बसायचं. आपला फर्मा वाचून झाला की मागच्याला द्यायचा, पुढच्याकडून पुढचा घ्यायचा. एक पुस्तक, सहा मुलं, प्रत्येक जण गोष्टीत वेगळ्या ठिकाणी.

पुढच्याने मागच्याला काय होणार ते सांगायचं नाही. हा कायदा.

"हात धुतले काय? दाखव," खळीच्या डब्यातून मान वर न काढता रामण्णा म्हणायचे. "शाळेला सुट्टी आहे. डोक्याला कुणी दिली?"

आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर सध्या रोज एक आई विचारते, सुट्टीत मुलांनी वाचावं म्हणून काय करू? कुणी ॲप सांगतं, कुणी समर कॅम्प. बायांनो, पुढची सोळा पानं दुसऱ्याच्या हातात असू द्या. मूल झक मारत वाचतं.

मी कॉन्व्हेंटची. पायात बूट, आणि वर्गात मराठी बोललं की हातावर पट्टी.

कमळी मागच्या गल्लीतल्या शिंप्याची मुलगी. कार्पोरेशनच्या कन्नड शाळेत. तिच्या घरात छापलेलं मराठी म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. रामण्णांच्या पायरीवरच ती मराठी वाचायला शिकली, आणि माझ्या दुप्पट वेगाने वाचायची.

ओळीत सगळ्यात शेवटी ती. तिच्या पुढे मी. म्हणजे ती कायम माझ्यासाठी खोळंबलेली.

त्या वर्षी एक पुस्तक आलं. कव्हर नाही, पहिलं पान नाही. नाव काय, कुणालाच कळलं नाही. समुद्रावरून न परतलेल्या बापाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट होती.

आठवा फर्मा संपला तेव्हा ती बंदरावर उभी होती, आणि मागून तिला कुणीतरी हाक मारली.

नववा, शेवटचा फर्मा माझ्या हातात आला. तेव्हा मी एक मूर्ख प्रश्न विचारला. "अण्णा, गलबत म्हणजे आवाज ना?"

"तो गलबला!" कमळी ओरडली. "गलबत म्हणजे जहाज, मडमबाई! आठ फर्मे तू काय वाचलंस मग? ती पोर काय आवाजावर बसून गेली?"

सगळे हसले. रामण्णाही हसले. ते हसले नसते तर कदाचित पुढचं झालं नसतं.

"बरं, लवकर वाच गं," कमळी म्हणाली. "जीव निघतोय माझा."

"स्वल्प थांब," मी म्हटलं. फर्मा कॉपीबुकात घातला आणि घरी जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी रामण्णा पुस्तक शिवायला बसले.

"शेवटचा फर्मा?"

"मी मागे दिला, अण्णा."

मागे म्हणजे कमळीला. तिच्या मागे कुणीच नव्हतं.

रामण्णांनी दोघींकडे पाहिलं. एकीच्या पायात बूट होते, एकीच्या नव्हते. त्यांना वेळ लागला नाही.

"कमळे, उद्यापासून येऊ नको."

ती रडली नाही. माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि गेली.

पुढच्या सुट्टीत ती बापाच्या दुकानात काजं करत होती. आमच्या घरापासून वीस पावलं. मी ती वीस पावलं चालले नाही.

तो फर्मा मी वाचलेला नाही. धीर झाला नाही. टाकताही आला नाही. चार घरं बदलली, प्रत्येक घरी तो आधी पोचला.

आजही रस्त्यात मागून कुणी हाक मारली की मी दचकते. वळत नाही.

दोन वर्षांपूर्वी कळलं, कमळी हेब्बाळला आहे. माझ्या जे. पी. नगरहून हेब्बाळ, म्हणजे शहराचं दुसरं टोक? ट्रॅफिक, नी पेन, नेक्स्ट वीक शुअर. खोटी कारणं मी इंग्रजीत देते. जास्त खरी वाटतात.

काल गेले. फर्मा पर्समध्ये.

तिची लेक म्हणाली, "तुम्ही यमुनाक्का? आई दर सुट्टीत आम्हाला जहाजाची गोष्ट सांगायची. बंदरावर हाक आली की गप्प. पुढचं विचारलं की म्हणायची, 'पुढचं यमुनाकडे आहे. तिचं वाचून झालं की देईल.' आम्ही भांडायचो तिच्याशी. मग शेवट सापडतो का बघायला मिळेल ते पुस्तक वाचत सुटायचो."

साठ वर्षं तिने मला चोर म्हटलं नाही. हळू वाचणारी म्हटलं.

कमळे, शिवी दिली असतीस तर सुटले असते गं.

मी पर्स उघडली. तिची दहा वर्षांची नात मोबाइल ठेवून जवळ आली.

"आजी, झालं वाचून?"

"नाही," मी म्हटलं. "आधी हात धुऊन ये."

आली धुऊन. आजीच्या फोटोशेजारी बसली आणि बोट ठेवून, अडखळत, सोळा पानं मनातल्या मनात वाचली. पाऊण तास लागला. मग तोंड उघडून मला शेवट सांगायला निघाली.

"नको," मी म्हटलं. "ती पानं तिथेच ठेव. आता तुझ्या आजीचा नंबर. माझा तिच्या मागे."

कमळे, सावकाश वाच. मी थांबते.