गॅलरीवरचा नारळ

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्या नातीने विचारलं, "आजी, मावशीसारखं बिल्डिंग इन्स्पेक्टर व्हायला काय करावं लागतं?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

आधी सिव्हिल इंजिनिअरिंगची पदविका किंवा पदवी घ्यायची. मग भरतीची परीक्षा. नोकरी लागली की एखाद्या जुन्या साहेबांमागे शिड्या चढायच्या आणि नकाशात आहे तसंच बांधलंय का, ते बघायला शिकायचं. इथवर मावशी, म्हणजे माझी लेक, हुशारीवर आली. पुढचं मात्र माझ्या भावाच्या स्लॅबच्या दिवशी दिसलं.

भावाने धुळ्यात घर बांधायला काढलं होतं. स्लॅबच्या दिवशी आमच्याकडे वरण-बट्टीचं जेवण असतं. त्याआधी सळयांची पूजा होते आणि नारळ फोडायचा मान भाचीचा, म्हणजे मावशीचा. पालिकेकडून पाहणीलाही तीच येणार, म्हणून भाऊ निर्धास्त होता. ती पोहोचायच्या आतच घरच्या बायका हळद-कुंकू घेऊन वर चढल्या आणि गॅलरीच्या सळयांवर दाटीवाटीने उभं राहून त्यांनी फोटो काढले. माझे गुडघे दुखतात, मी खाली बट्ट्यांपाशी होते.

मावशी आली, वर गेली आणि नारळ बाजूला ठेवून गॅलरीपाशी उकिडवी बसली. गॅलरीला खालून खांब नसतो. वरच्या अंगाच्या सळयाच तिला धरून ठेवतात, आणि त्याच पायांखाली दबून तळाला गेल्या होत्या. तसंच काँक्रीट पडलं असतं तर कधीतरी माणसांसकट गॅलरी खाली आली असती.

"मामा, मिक्सर थांबवा. सळया उचलून पुन्हा बांधल्याशिवाय ओतायचं नाही."

भाऊ चिडला की अहिराणीवर येतो. सगळे पाहुणे आलेत, बट्ट्याही तयार आहेत, म्हणून ओरडू लागला. "बठ्ठा पाव्हना उनात, बट्ट्या तयार शेतस! तू नारळ फोडाले उनी का मनं डोकं फोडाले?"

"डोकं सांभाळायलाच आलेय. पाहुण्यांना जेवू द्या. मी काम झाल्यावर जेवेन."

तिथे भाऊ अडकला. भाची उपाशी असताना मामाने पानावर बसायचं, हे आमच्या घरात आजवर झालेलं नाही. पाहुणे जेवत होते आणि हा पुटपुटत शिडी चढला. मिस्त्री वाकवलेल्या सळईचे टेकू खाली सारत होता, भाऊ वरच्या सळया उचलून धरत होता. मावशी वाकून वाकून बघत होती. एक टेकू तिने दोनदा काढायला लावला.

ऊन कललं तेव्हा तिने शिडीवरूनच नारळ फोडला आणि मिक्सर सुरू झाला. मग मामा-भाची गार बट्ट्यांवर तूप ओतून शेजारी शेजारी जेवले. त्याने आपल्या पानातली भाजलेली मिरची तिच्या पानात सरकवली.

आता नात्यात कुणाचाही स्लॅब असला की भाऊ सकाळीच शिडीच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसतो. बायका ताट घेऊन आल्या की ओरडतो, "कुंकू खालूनच वाहा! मनी भाची येईपर्यंत वर कोनी जावानं नही!"