आईच्या बोटांना न उघडणारी पट्टी

आईला दमा, आणि मी दम्याच्याच औषधाची पाकिटं आखतो. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात कोरड्या पावडरच्या कॅप्सूलसाठी ॲल्युमिनियमची पट्टी बनते. ही कॅप्सूल गिळायची नसते. इन्हेलरमध्ये टाकून तिच्यातली पावडर श्वासाबरोबर आत ओढायची. त्या पावडरीचा एकच वैरी, ओल. म्हणून मी पट्टी अशी पक्की आखली की आत दमट हवा शिरू नये. सील पहिल्याच फटक्यात पास झालं तेव्हा मी सगळ्यांना पेढे वाटले. मोठा शहाणा लागून गेलो होतो!

डॉक्टरांनी आईला नेमकं तेच औषध दिलं. संधिवाताने तिची बोटं वाकलेली. पहिल्याच दिवशी ती कोपरा नखाने उचकटत बसली. "काहून इतकं घट्ट केलं रे? उघडूनच नाही राहिलं."

"आई, उघडत नाही हेच तर त्याचं कौतुक," मी हसून म्हणालो आणि फाडून दिलं. तीही हसली. पुन्हा तिने कधी तक्रार केली नाही. मला वाटलं, जमलं असेल. विचारायला जीभ झडत होती का माझी?

श्रावणात तिचा दमा वाढला. न्हाणीपर्यंत जाऊन आली तरी धापा टाकायची. डॉक्टरांनी डोस वाढवला. मी मात्र तिच्यावरच डाफरलो, "नीट ओढत नसशील तू." ती म्हणायची, "ओढते रे बाबा, रोज ओढते." एका सकाळी तिचे ओठ निळे पडले आणि तिला दवाखान्यात भरती करावं लागलं.

तिचं औषध न्यायला घरी आलो तर इन्हेलर होता, पट्ट्या कुठेच नव्हत्या. भांडी घासणाऱ्या दीदीला विचारलं.

"भैया, वो तो अम्माजी महीने भर की एक साथ हमसे कैंची से कटवा लेती हैं," ती म्हणाली आणि तिने गॅसजवळची स्टीलची डबी पुढे केली. आमच्या घरची रीतच ती. वेलची असो की गोळ्या, पाकिटातून काढायचं आणि डबीत भरायचं. मी एक कॅप्सूल फोडली. आत ओल लागून पावडरीचा खडा झाला होता. आई रोज ओढत होती, आणि छातीत जात होतं काय, कपाळ!

"हमने कहा था, भैया से खुलवा लो. बोलीं, उसका दिल दुखेगा, उसी ने बनाया है."

कारखान्यात मी साहेबांना सगळं सांगितलं, पट्टी बदला म्हणालो. त्यांनी उघडून पाहायच्या चाचणीचा कागद काढला. चाचणी पॅकिंगमधल्या विशीतल्या पोरींच्या बोटांवर झालेली, आणि खाली सही माझी. पट्टी अजून तशीच निघते आहे.

डॉक्टर म्हणाले, गेलेला दम आता परत येणार नाही. दुपारी सिस्टर औषध घेऊन आली तेव्हा मी खाटेला लागूनच उभा होतो. आईने ऑक्सिजनच्या नळीआडून तिला हळूच हाक मारली.

"मेरे बेटे ने बनाया है ये," ती म्हणाली. "जरा खोल दोगी, बिटिया?"