नांदुरीच्या घाटात टेकलेला पाय

मार्गशीर्षातला दुसरा रविवार. पहाटे साडेपाचला नाशिकहून निघालो ती तीन माणसं: मी, माझी मैत्रीण सुरेखा आणि तिचे दीर प्रकाशभाऊ. तीन सायकली, जायचं वणीच्या गडावर. माझे यजमान घरी. त्यांच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासणीला गेला आहे, अहवाल शुक्रवारी मिळणार आहे.

बावन्न वर्षांत मी कधी नवस बोलले नव्हते. यादी करावी आणि कामाला लागावं, हा माझा स्वभाव. पण त्या आठवड्यात यादीत लिहिण्यासारखं माझ्या हातात काही उरलं नाही, तेव्हा देवीपुढे बोलून गेले: पायथ्याच्या नांदुरीपासून गडापर्यंतचा घाट सायकलवरून पाय न टेकता चढेन, ह्यांचा अहवाल चांगला येऊ दे. सुरेखाला सांगितलं तर म्हणाली, "अगं, नवस बोलण्याआधी गिअर तरी नीट टाकायला शीक!"

घाटात ती दोघं पुढे निघून गेली. दरीपलीकडे मार्कंड्याचा डोंगर उन्हात उजळत होता, पण माझं लक्ष फक्त पुढच्या वळणावर होतं. मांड्या भरून आल्या, श्वास छातीत मावेना, तरी पाय टेकला नाही. निम्म्याच्या वर आले असेन, तेव्हा कठड्यावर एक आजी बसलेली दिसली. एकटीच, शेजारी गाठोडं. "माय, पानी शे का?" तिने हाक मारली. बोली बागलाणाकडची. "पुढे मिळेल, आजी," असं म्हणून मी तशीच पुढे गेले.

पुढचं वळण मात्र चढवेना. पायांत बळ होतं, मनात नव्हतं. माझ्याकडे पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. ब्रेक दाबला, पाय टेकला आणि रडूच कोसळलं. ह्यांचा अहवाल मीच बिघडवला, असं वाटलं.

सायकल वळवून खाली आले. आजी घटाघटा पाणी प्याली, माझं रडणं पाहून तिने कारण विचारलं आणि ऐकून ती चक्क हसली. "देवी काय तुना पाय मोजी ऱ्हायनी का?" मग उठताना आधाराला कॅरिअर धरलं आणि वाकून पाहिलं. "ह्या चाकले काय व्हयनं? पोट बाहेर उनं!"

मागच्या टायरची कड फाटून ट्यूब फुग्यासारखी बाहेर आली होती. सकाळी मी दोन्ही टायर स्वतः तपासले होते. याच घाटाच्या उतारावर तो फुटला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी पुढे नेला नाही.

तिचं गाठोडं हँडलला अडकवलं आणि आम्ही दोघी चालत गड चढलो. देवीसमोर तिने विचारलं, "तुना मालकनं नाव काय?" मी सांगितलं. आपल्या नातवाच्या नावामागोमाग तिने ह्यांचंही नाव मोठ्याने घेतलं. निघताना मला म्हणाली, "पुढला खेपले त्याले लई ये."

सुरेखा आणि प्रकाशभाऊ वर वाट पाहत होते; माझी सायकल टेम्पोतून खाली आणली. अहवालात काय असेल, मला ठाऊक नाही. उपचार लागले तर मी ते नेटाने करीन. पण देवीशी सौदा आता करणार नाही. जे माझ्या हातात नाही ते तिच्या हाती दिलं, आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. पुढच्या खेपेला जोडीने यायचं, हा आजीचा निरोप मात्र ह्यांना अजून सांगितलेला नाही.