ऐंशीला थरथरणारं स्टिअरिंग

आमच्या गाडीला ऐंशीचं वावडं होतं. सत्तरपर्यंत ती अगदी गुमान चालायची. काटा ऐंशीला टेकला की स्टिअरिंग थरथरायला लागायचं, आणि त्याच्याबरोबर माझी मनगटं, घड्याळ आणि दंडावरची ती चरबी, जिला मी घरात ताकद म्हणतो. शेजारी बसलेली बायको एका हातानं दारावरची कडी आणि दुसऱ्यानं पर्स घट्ट धरून म्हणायची, "अहो, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतंय. दळण झालं की सांगा, उतरते मी."

त्यातच सोलापूरला मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा आठ दिवसांवर आला. लोहाऱ्याहून आम्ही आमच्याच गाडीनं येणार, हे मी साऱ्या सासरवाडीला कुणी न विचारता सांगून ठेवलेलं. थरथरीची बातमी बायकोनं भावाला पोचवली. त्याचा लगेच फोन. "दाजी, कशाला रिस्क घेता? माझी मोठी गाडी पाठवतो की. ड्रायव्हर बी हाय, उतरताना दारसुद्धा उघडतो."

म्हणजे मेव्हण्याच्या गाडीतून जायचं, मेव्हण्याच्या ड्रायव्हरनं दार उघडायचं आणि मेव्हण्याच्याच दारात उतरायचं! पंचवीस वर्षं जपलेला जावईपणा तिथंच संपला असता. म्हटलं, "थांबा, दोन दिवसांत सांगतो."

खरं तर एक उपाय आधीच करून झाला होता. हायवेवरच्या टायरवाल्याकडं चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं होतं. चाक यंत्रावर चढवण्याआधी त्यानं आत डोकावून विचारलं होतं, "सर, आत माती हाय. काढू का?"

मला रागच आला. "माती? अरे, कालच धुतलीय गाडी! चाकं टूथब्रशनं घासलीत!"

हे खरं होतं. फक्त घासली होती ती बाहेरची, लोकांना दिसणारी बाजू. त्यानं खांदे उडवले आणि यंत्र सांगेल तिथं वजन जुळवायला शिशाचे तुकडे ठोकले. चार दिवस गाडी सरळ वागली. पाचव्या दिवशी ऐंशीला पुन्हा गिरणी सुरू.

शाळेत सल्ल्यांना तोटा नव्हता. गणिताच्या सरांनी इंजिनवर संशय घेतला, पीटीच्या सरांनी रस्त्यावर. शिपाईमामा माझ्याकडं बघत म्हणाले, "चालवणाऱ्यावर बी असतंय, सर."

मी पडलो विज्ञानाचा शिक्षक. वर्गात 'निरीक्षण करा, मग अनुमान काढा' असं रोज ओरडतो. घरी कधी केलेलं नाही. या वेळी केलं. ऐंशीला असताना ब्रेक हलकेच दाबून पाहिला. थरथर तेवढीच राहिली, वाढली नाही. म्हणजे ब्रेकवरचा संशय गेला. मग अर्धा दिवस जॅकशी झटून पुढची चाकं मागं आणि मागची पुढं बसवली. साक्षीदार म्हणून बायकोला घेऊन हायवेवर गेलो. ऐंशी झाले आणि स्टिअरिंग गप्प! पण सीट थरथरायला लागली.

"अहो, गिरणी आता माझ्या खाली आलीय!"

मला एवढा आनंद झाला की ती घाबरली. थरथर चाकांबरोबर मागं गेली होती. चोर चाकातच होता.

घरी येऊन मागचं एक चाक काढून उताणं केलं. आतल्या कडेला काळ्या मातीचं हे एवढं ढेकूळ, वाळून दगड झालेलं. शेजारी तेवढाच मातीचा डाग, तिथलं ढेकूळ कधीच गळून पडलेलं. मग डोक्यात उजेड पडला. सोयाबीन काढणीला मी सास्तूरच्या शेतापर्यंत, चिखलाच्या पाणंदीतून, गाडी घालून गेलो होतो. मोटारसायकल चालली असती. पण मोटारसायकल बांधावर उभी केली तर कोण बघतंय? तीच माती चाकात बसली. टायरवाल्यानं मातीसकट चाकाचं वजन जुळवलं, आणि पुढं अर्धी माती पडली. शिशाचे तुकडे पडलेल्या मातीला तोलत तसेच राहिले.

स्वयंपाकघरातल्या उलथन्यानं ढेकूळ काढलं. त्यातून सोयाबीनचं धसकट निघालं, मुळासकट. बायको म्हणाली, "सातबारा बघून घ्या एकदा. तेवढं रान कमी झालं असंल."

दुसऱ्या दिवशी टायरवाल्यापुढं उभा राहिलो. तो काही बोलायच्या आत म्हणालो, "माती काढलीय."

"मी काय म्हणलो हुतो, सर?"

"तू म्हणला होतास. म्याच ऐकलं न्हाय."

तो लई हसला. जुने सगळे तुकडे काढून त्यानं चारही चाकं नव्यानं जुळवली. मी मेव्हण्याला फोन केला, "गाडी पाठवू नका."

साखरपुड्याच्या सकाळी नळदुर्ग मागं टाकलं आणि पाय दाबला. सत्तर. पंच्याहत्तर. ऐंशी. मनगटं सवयीनं तयारीत होती. काही नाही. नव्वदलाही काही नाही! कौतुक ऐकायला शेजारी पाहिलं, तर कडी मोकळी आणि बायको तोंड उघडं टाकून झोपलेली. याहून मोठं सर्टिफिकेट मला आयुष्यात मिळालेलं नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला, मेव्हण्याचा. "ताई, कुठवर आलात? थरथरतीय का?"

"कुठं काय!" ती जांभई देत म्हणाली. "मला झोप लागली होती की."

सोलापुरात मेव्हण्याच्या दारात गाडी उभी केली. दार आतून उघडत होतं, पण मी उघडलं नाही. समोर बघत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिलो. शेवटी मेव्हणा पायऱ्या उतरून आला आणि त्यानं दार उघडलं.

"या, दाजी," म्हणाला.

मग उतरलो.