टाकीखालचा कोरडा कागद

आमच्या शेजारच्या टाकीवाल्यांच्या बैठकीच्या खोलीत बावीस वर्षांत सोफा आला नाही. सोफ्याच्या जागी माशांची टाकी असायची. दर आठवड्याला नवी, आणि आत मासा एकही नाही. लोकांच्या घरांसाठी काचेच्या टाक्या बनवायच्या आणि पोचवण्याआधी प्रत्येक टाकी पाण्याने भरून तीन दिवस स्वतःच्या घरात ठेवायची, हा त्यांचा नेम. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं. ते कोरडं राहिलं की टाकी निघाली.

तिथे मी काय काय पाहिलंय. एका गृहस्थांना टीपॉयच टाकीचा हवा होता. त्यावर पेपर पसरला की खालच्या माशांना आभाळ भरून आल्यासारखं वाटणार. एका घरात हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत पाडून टाकी बसली. सासू आणि सून दोघींना मासे दिसतात, एकमेकी दिसत नाहीत, म्हणून ते घर टिकलं, असं टाकीवाल्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सांगतात.

उंच, खांबासारख्या टाकीवर मात्र टाकीवाल्यांचा राग. "माशाला काय लिफ्टमध्ये कोंडायचंय? मासा आडवा फिरतो, माणसाची नजर आडवी फिरते. टाकी लांब आणि बसकी हवी. मागे काळा कागद लावा, मग बघा रंग." निळा कागद लावणाऱ्याला ते मनातून माणसात धरत नसत.

वहिनी बावीस वर्षं नुसतं पाणी बघत आल्या. "आपल्याकडे मासे कधी?" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "जरा सवड मिळू दे."

काचांच्या सांध्यात सिलिकॉन भरून टाकीवाले ते उघड्या तर्जनीने एका दमात वरपासून खालपर्यंत ओढत. पट्टी वापरत नसत. "पट्टीला फट कळत नाही, बोटाला कळते." दोन वर्षांपासून त्यांची साखर वाढली होती. पायातली चप्पल वाटेत गळून पडली तरी पत्ता घरी आल्यावर लागायचा. मी थट्टा करायचो, ते हसायचे. "हात शाबूत आहेत ना."

गेल्या पावसाळ्यात एका नव्या जोडप्याची चार फुटी टाकी त्यांनी भरली. इतकी देखणी टाकी मी पाहिली नव्हती. वहिनी चहा घेऊन आल्या आणि थबकल्या.

"अहो, सांध्यात हे लाल काय?"

पारदर्शक सिलिकॉनच्या आत केसाएवढी लाल रेघ, वरपासून खालपर्यंत.

"हात दाखवा."

बोटावर नेहमीप्रमाणे सिलिकॉनचं कवच वाळलं होतं. वहिनींनी ते सोललं. खाली खोल चीर, दोन दिवसांची, कडेने काळी पडलेली. टाकीवाले ती आमच्याबरोबरच पहिल्यांदा बघत होते.

तिसऱ्या दिवशी जोडपं आलं. टाकी उचलायला मीही होतो. मुलगी म्हणाली, "काका, ही लाल रेघ किती छान. मुद्दाम घातलीत?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"ही टाकी देता येणार नाही," टाकीवाले म्हणाले.

"गळते का?"

"गळत नाही. पण ज्या बोटाने हा सांधा ओढला त्याला काच लागलेली कळली नाही. फट काय कळणार?"

"कागद तर कोरडा आहे," नवरा म्हणाला.

"आज कोरडा आहे." आणि त्यांनी दुसऱ्या एका कारागिराचा पत्ता लिहून दिला. डाव्या हाताने, वेडावाकडा.

पंधरवड्याने ते बोट मधल्या पेरापासून काढावं लागलं. त्यानंतर नवी टाकी झाली नाही. ती लाल रेघेची मात्र तिथेच आहे, त्या घरात चौथा दिवस पाहिलेली पहिली टाकी. मागे काळा कागद, आत स्वच्छ पाणी. "मासे सोडा, नाहीतर मीच पोहायला येतो," असं मी एकदा म्हणालो. ते माझ्यासाठी म्हणून हसले.

रोज सकाळी ते वाकून वर्तमानपत्राचं टोक उचलतात. ओलं की कोरडं, ते आता उरलेल्या बोटांनाही सांगता येत नाही. मग वहिनींना हात लावायला सांगतात.

"कोरडा आहे," वहिनी म्हणतात. "आता तरी मासे आणू?"

"अजून बघू."