उत्तर नियमात लिहायचं नाही

जबलपुरातल्या एका महाविद्यालयाच्या समाजशास्त्र विभागात मी दोन वर्षं दर शनिवारी सिम्युलेशन शिकवलं. त्याआधी वर्तमानपत्रात होतो. निवडणुकीचे आकडे जुळवता जुळवता प्रोग्राम लिहायला शिकलो. वर्गात नऊ जण असायचे. बहुतेकांनी तोवर लॅपटॉप टायपिंगपुरताच वापरला होता.

सिम्युलेशनमध्ये पडद्यावर ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे एक माणूस. तो कोणाला ओळखतो, काय पाहून काय ठरवतो, याचे दोन-तीन नियम द्यायचे आणि सगळे मिळून काय घडतं ते पाहायचं.

पहिल्या महिन्यात सगळे एकच चूक करायचे. मजुरीसाठी गाव सोडणाऱ्यांचा अभ्यास करणारे विद्यार्थी नियम लिहायचे: गरीब असेल तर गाव सोडेल. प्रोग्राम चालवला की गरीब ठिपके गाव सोडायचे आणि वर्ग खूश व्हायचा. उत्तर तुम्हीच नियमात लिहिलंत, यंत्राने फक्त वाचून दाखवलं, हे पटवण्यात महिना जायचा.

पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीनेही तीच चूक केली होती. ती कांचघरला राहायची. वडील संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले. तिचा अभ्यास कुंडमकडच्या दोन गावांचा होता. जमीन सारखी, कमाई सारखी. तरी एका गावातली बरीच घरं रिकामी, दुसऱ्यातून क्वचितच कोणी गेलेलं. चूक कळल्यावर ती पुन्हा गावांत गेली आणि जाण्याआधी कोणाशी बोलणं झालं, एवढंच विचारत फिरली. परत येऊन तिने नियम बदलला: ओळखीचं कोणी आधी गेलं असेल, तरच माणूस जायचा विचार करतो. आता पहिलं कोणी कुठून निघालं एवढ्यावरून पडद्यावरची दोन सारखी गावं बहुतेक वेळा वेगळ्या वाटेने जाऊ लागली: एक रिकामं व्हायचं, दुसरं भरलेलं राहायचं. कधी दोन्ही रिकामी व्हायची, कधी एकही नाही. तिने तेही लिहिलं. हे तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण.

विभागप्रमुख तिचे मार्गदर्शक होते. स्थलांतर गरिबीमुळेच होतं, हे ते अनेक वर्षं लिहीत आले होते. पीएच.डी. गावाची करायची आहे की व्हिडिओ गेमची, असं त्यांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं. प्रकरण काढलं तर प्रबंधावर सही लगेच, नाहीतर नाही. तिच्या नोंदणीची मुदत संपायला अकरा दिवस उरले होते.

मला बोलावून त्यांनी एका ओळीचं पत्र मागितलं: हे प्रकरण वर्गातला सराव होता, संशोधन नव्हे. अतिथी अध्यापकांच्या नेमणुका दरवर्षी नव्याने होतात, याचीही आठवण करून दिली. ते संशोधन आहे, असं मी त्यांना सांगितलं आणि पत्र दिलं नाही.

ती बाहेर उभी होती. काढायचं असेल तर तो निर्णय तुझा, कोणी नावं ठेवणार नाही, असं मी म्हणालो.

"काहून काढू, सर?" ती म्हणाली. "मी उन्हात घरोघर विचारून राहिली होती, तेव्हा हे कुठं होते?"

प्रबंध थेट आपल्या हातात द्यायचा, असा प्रमुखांचा निरोप होता. तसा दिलेला कागद कपाटात पडून राहू शकतो. कार्यालयात कागद स्वीकारणाऱ्या आवक खिडकीवर शिक्का बसला, की नकारही कारणासकट लेखी द्यावा लागतो. ती खिडकीवर गेली. लिपिकाने प्रती उलटसुलट केल्या.

"दीदी, काहे को फँसा रही हो?"

"भैया, आप बस ठप्पा लगा दो."

तो जेवायला गेला. ती तिथंच थांबली. तो परत आला तेव्हा तिच्यामागे रांगेत आणखी चार जण उभे होते. त्याने शिक्का मारला आणि आवक क्रमांक लिहून दिला.

नकाराचं लेखी कारण आलं नाही. मुदतीच्या दोन दिवस आधी प्रबंध पुढे गेला. पहिल्या पानावर प्रमुखांची सही आणि 'चौथ्या प्रकरणाशी असहमत' असा शेरा होता. शेरा पुसून घ्यायचा का, असं वर्गातल्या एकाने विचारलं. राहू दे, ती म्हणाली, परीक्षक आधी तेच प्रकरण उघडतील.

पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात माझा तास नव्हता. शनिवारी मी नेहमीच्या वेळी गेलो. खोली दुसऱ्या विषयाला दिली होती. व्हरांड्यात सात जण लॅपटॉप उघडून बसले होते आणि ती त्यांना शिकवत होती. मी मागे बसलो.